कॅमेऱ्याला बाहेरून कुठला माईक लावू? मागावरच्या मुलाखती करायच्यात (सोलापूर)

पूर्वभाग_विणकर:
नमस्कार मंडळी. माझ्याकडं कॅनन २०० डी आहे, सोबत आलेलीच लेन्स. पूर्व भागातल्या जुन्या विणकरांच्या मुलाखती रेकॉर्ड करायचं मनात आहे. जेकार्डवर (नक्षी विणायच्या मागावर) आयुष्यभर चादरी काढलेली माणसं आता थकलीत, ते जे सांगतात ते कुठं लिहून ठेवलेलं नाही, म्हणून हे काम मला खरंच नीट करायचंय. चित्र चांगलं येतंय पण आवाजाची बोंब आहे. कॅमेऱ्यातल्या माईकवर मागाची खडखड, वर पंखा, बाहेर रिक्षा आणि आजोबांचा आवाज त्या सगळ्याच्या खाली कुठंतरी. बजेट पाच-सहा हजार. व्हिडिओ बघितले तर कोण म्हणतंय शॉटगन (कॅमेऱ्यावर लावायचा लांबट माईक) घ्या, कोण म्हणतंय वायरलेसशिवाय पर्याय नाही. पुढं बिडी वळणाऱ्या आज्यांशी पण बोलायचंय आणि जानेवारीत गड्ड्याला (सिद्धेश्वर यात्रेला) नंदीध्वजांची मिरवणूक घ्यायचीय. सगळ्याला मिळून एकच माईक चालेल का? नवी पेठेत जायच्या आधी विचारतोय.

पार्कचौक_शूटिंग:
भाऊ आधी विषयाबद्दल मनापासून शाबासकी, हे कुणीतरी करायलाच पाहिजे होतं.

आता माईकचं. ब्रँड नंतर बघ, तोंडापासून माईक किती लांब राहणार हे आधी ठरव. अंतर दुप्पट झालं की बोलणाऱ्याचा आवाज साधारण सहा डीबीनं (डेसिबल, आवाजाचं माप) पडतो, पण मागाची खडखड खोलीभर भरलेली असते, ती काही कमी होत नाही. कॅमेरा दोन मीटरवर असेल आणि कॉलर माईक छातीवर वीस सेंटीमीटरवर असेल तर हिशोबानं वीस डीबीचा फरक पडतो, एवढा फरक कितीही महाग माईक कॅमेऱ्यावर लावून मिळणार नाही.

शॉटगनबद्दल लोकांचा असा समज आहे की तो लांबचा आवाज ओढून आणतो. तसं नाही, तो बाजूचा आवाज कमी घेतो, समोरचं मात्र सगळं घेतो. आणि तू फ्रेम कशी लावणार? आजोबा पुढं, मागं त्यांचा माग, कारण चित्र तेच छान दिसतं. म्हणजे शॉटगनचं तोंड सरळ मागाकडंच. वरून पत्र्याचं छत, सिमेंटच्या भिंती, आवाज चहूकडून आपटून परत येणार. अशा खोलीत कॅमेऱ्यावरचा शॉटगन उपयोगाचा नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

बोया बीवाय-एम१ घे, साधा वायरचा कॉलर माईक. हजाराच्या आत मिळायला पाहिजे, वायर सहा मीटर आहे, बसलेल्या माणसाला भरपूर होते. त्यात एलआर४४ सेल लागतो आणि मधल्या डबीवर एक स्विच आहे, मोबाईलला एका बाजूला, कॅमेऱ्याला दुसऱ्या. कॅमेऱ्याच्या बाजूला तसाच राहिला की सेल उतरतो, म्हणून दोन सेल खिशात जादा ठेव. उरलेले पैसे लगेच खर्च करू नको.

जुळेसोलापूर_४:
वरच्यांशी सहमत, फक्त एक गोष्ट राहिली. माईक कुठलाही आणा, कॅमेऱ्यात साउंड रेकॉर्डिंग ऑटोवर असेल तर पैसे वाया. आजोबा आठवायला थांबले की कॅमेरा आपोआप लेव्हल वर नेतो आणि पंखा, माग, हिस्स असा आवाज फुगून वर येतो, ते बोलायला लागले की परत खाली. ही वरखाली नंतर एडिटिंगला निघत नाही. डायल एम वर ठेवून मेन्यूत साउंड रेकॉर्डिंग मॅन्युअल करा, माणसाला दोन वाक्यं बोलायला लावा, मोठ्यानं बोलल्यावर मीटरचा काटा उणे बारा डीबीच्या आसपास गेला पाहिजे, शून्याला टेकता कामा नये.

अजून एक, २०० डी ला माईकचं भोक आहे पण हेडफोनचं नाही, म्हणजे चालू असताना ऐकता येत नाही. आधी अर्धा मिनिट टेस्ट घ्या, कार्ड काढून लॅपटॉपवर हेडफोन लावून ऐका, मगच मुलाखत सुरू करा. कॅमेऱ्याच्या छोट्या स्पीकरवर सगळंच बरं वाटतं, त्यावर जाऊ नका.

आणि मोबाईलचे माईक आणणार असाल तर पिन बघून घ्या. पिनवर दोन काळ्या रेघा असल्या तर ती कॅमेऱ्याची, तीन असल्या तर मोबाईलची, तिला बहुतेक वेळा अडॅप्टर लागतो नाहीतर आवाजच येत नाही. (बोयाच्या या मॉडेलला तीनच रेघा आहेत पण कंपनीनं तो स्विच त्याच्यासाठीच दिलाय.)

पूर्वभाग_विणकर:
अंतराचं लक्षात आलं, आभारी आहे दोघांचा. पण दोन अडचणी. एक म्हणजे माग बंद करायला सांगणं मला जड जातं, माग थांबला की त्यांचं उत्पन्न थांबतं. दुसरं, काही आजोबांना चालत चालत सगळं दाखवायचं असतं, हा धोटा, ही कांडी, इथं ताणा भरायचा, असं. तिथं वायर पायात येईल ना? मग वायरलेसच घ्यावा का?

बाळीवेस_रेडिओ:
कशाला घेऊलालास बे लगेच वायरलेस. चालत दाखवायचं असेल तर तुझा मोबाईलच रेकॉर्डर कर. तोच बोया मोबाईलला लाव, स्विच मोबाईलच्या बाजूला, मोबाईल फ्लाइट मोडला टाक म्हणजे मध्येच कुणाचा फोन येणार नाही, आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेव. कॅमेऱ्यात कॅमेऱ्याचा आवाज चालूच ठेवायचा, सुरुवातीला एक टाळी वाजवायची, नंतर दोन्ही आवाज त्या टाळीवर जुळवायचे. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या फुकटच्या आवृत्तीत तर वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) बघून ते आपोआप जुळवतंय. फक्त एकदम तासभर सलग घेऊ नको, लांब रेकॉर्डिंगमध्ये दोन यंत्रांचा वेळ हळूहळू सरकतो आणि ओठ आणि आवाज जुळत नाहीत. तुकडे कर.

वायरलेस वाईट आहे असं म्हणत नाही मी. पण त्यातले बहुतेक २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, म्हणजे वायफाय आणि ब्लूटूथ जिथं आहे तिथंच. गड्ड्याच्या गर्दीत हजारो मोबाईल, त्यात मध्ये माणसं उभी, आवाज तुटायची भीती असते. पुढं पैसे जमले तर ट्रान्समीटरमध्येच रेकॉर्डिंग होतं असा घे, रोड वायरलेस गो २ मध्ये ते आहे, म्हणजे सिग्नल तुटला तरी आवाज आत शाबूत.

मागवाल्याची_लेक:
माग चालू असताना मुलाखत घेऊच नका दादा. आमच्या घरातच माग होते, शेजारी उभं राहून पण ओरडावं लागायचं, आणि ओरडताना माणूस मनातलं काही सांगत नाही. पण बंद करा असं सांगायची पण गरज नाही. कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी जा, नाहीतर लाईट गेल्यावर, जेवणाच्या वेळेला. शेजारच्या शेडचं पण विचारून ठेवा, आपला बंद असतो आणि भिंतीपलीकडं चार चालू असतात. बोलून झालं की मागाचा आवाज वेगळा पाच मिनिटं रेकॉर्ड करा, नुसता माग, कुणी बोलायचं नाही. एडिटिंगला तो बोलण्याच्या खाली पाहिजे तेवढा बारीक लावता येतो. बोलण्यात मिसळून आलेला मात्र वेगळा काढता येत नाही.

आणि पंखा. एप्रिल-मेमध्ये चाळीसच्या वर ऊन असताना म्हाताऱ्या माणसाला पंखा बंद करून बसवू नका, सकाळी सातला जा.

बिडीवाल्या आज्यांना कॉलर माईक लावताना पदराला लावू नका. पदर सारखा सरकतो, त्याची सळसळ अगदी माईकवरच येते. ब्लाऊजच्या काठाला त्यांनाच लावायला सांगा, माईकजवळ वायरीला एक छोटा वळसा देऊन चिकटपट्टी मारा म्हणजे ओढ बसत नाही. बांगड्यांचा आणि कात्रीचा आवाज येईल, तो येऊ द्या, हात थांबवून बोलायला लावलं तर त्यांना बोलायला सुचत नाही. सुपात पानं कापताना बोलतात तेच खरं बोलणं असतं.

पार्कचौक_शूटिंग:
ताईंनी बरोबर सांगितलं, सुट्टीच्या दिवसाचं मी पण धरून चालतो आता.

गड्ड्याचं राहिलं. तिथं उलट पाहिजे, एका माणसाचा आवाज नको, सगळा माहोल पाहिजे. तिथं कॅमेऱ्यावरचा छोटा माईक चालतो, रोड व्हिडिओमायक्रो किंवा बोया एमएम१, दोन्हीला सेल लागत नाही, कॅमेऱ्याच्या भोकातूनच पॉवर घेतात. सोबत केसाळ टोपी येते ती काढू नको, तळ्याच्या बाजूला वारा असतो. हलगी आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ची हाक एकदम उठते, त्यामुळं लेव्हल मुलाखतीपेक्षा बरीच खाली ठेव. बारीक आलेला आवाज नंतर वाढवता येतो, फाटलेला नीट होत नाही.

तर आत्ता बोया एम१ आणि सेल घे, मुलाखती सुरू कर. एमएम१ डिसेंबरात घे, बजेटमध्ये दोन्ही बसतात.

पूर्वभाग_विणकर:
ठरलं मग. रविवारी एका आजोबांकडं जातोय, त्यांचा माग त्या दिवशी बंद असतो. शेजारच्या शेडचं आज संध्याकाळी विचारून येतो. टेस्टचा तुकडा इथं टाकतो, लेव्हल कशी आहे तेवढं ऐकून सांगा.