टेस्ट स्पेसिफिकेशन सांभाळायला काय वापरता? बजेट ४० हजार

उद्यमबाग_क्यूसी:
ग्रे आयर्न आणि एसजी (गोलाकार ग्रॅफाइटचं आयर्न) यांची जॉबिंग फाउंड्री आहे, म्हणजे गिऱ्हाइकाच्या ऑर्डरप्रमाणे ओतकाम. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या हार्डनेस, टेन्साइल (ताणाची ताकद), मायक्रो (धातूची सूक्ष्म रचना) यांच्या मर्यादा वेगळ्या, एक्सेल फायलीही वेगळ्या. ड्रॉइंगची नवी रिव्हिजन आली तरी तपासणीच्या टेबलावर जुनाच कागद. ४० हजारांत बसणारं सॉफ्टवेअर सुचवा.

मच्छे_मशीनशॉप:
ईआरपी (सगळा कारखाना सांभाळणारं सॉफ्टवेअर) घ्या, क्वालिटी मॉड्यूलसकट. आम्ही अडीच लाखांत घेतलं. बॅच उघडली की चालू रिव्हिजनच समोर येते. ४० हजारांत काही होत नाही बघा.

होनगा_मेट:
सॉफ्टवेअर नंतर, आधी स्पेक पुरतं लिहा. "एफजी २६०, हार्डनेस १८० ते २३०" (एफजी २६० ही ग्रे आयर्नची ग्रेड) एवढ्यानं भागत नाही. ब्रिनेल टेस्टला बॉल दाबून उठलेल्या ठशावरनं हार्डनेस काढतात, तेव्हा बॉल १० मिमी, भार ३००० किलो, १० ते १५ सेकंद, कास्टिंगवर नेमकी कुठली जागा, वरची कातडी किती घासायची, सगळं एकाच ओळीत पाहिजे. ठसा ४.० मिमी वाचला तर २२९, ४.१ वाचला तर २१७. वाचणाऱ्याच्या एका दशांशात १२ पॉइंट जातात. टेन्साइलचा बार वेगळा ओतलेला ३० मिमीचा की कास्टिंगमधनं कापलेला, तेही लिहा. जाड भागातनं कापला की ताकद कमी येते.

निपाणीकर:
ब्रिनेल कशाला? आमच्याकडं पोर्टेबल लीब (आदळून उसळीवरनं हार्डनेस दाखवणारा मीटर) आहे, झकास चालतो.

होनगा_मेट:
पातळ, हलकी कास्टिंग हादरते आणि लीब कमी दाखवतो. वाद झाला की गिऱ्हाईक ब्रिनेलच मागतं.

निपाणीकर:
जड पार्टला चालतो की. पाच रीडिंगची सरासरी घ्यायची.

काकती_ऑडिट:
एक्सेलच ठेवा, पण मास्टर एकच. किमान आणि कमाल वेगळ्या रकान्यांत. "२०५±२५" लिहिलं की फॉर्म्युला चालत नाही. भाराच्या रकान्यात "१०/३०००" टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करतो, म्हणून रकाना आधी टेक्स्ट करा. जुनी ओळ पुसू नका, "बाद" लिहून तारीख घाला. टेस्ट रिपोर्टवर स्पेकची रिव्हिजन छापाच, नाहीतर तक्रार आल्यावर माल कुठल्या मर्यादेनं पास केला ते सांगता येत नाही. आणि जुना कागद हातात आल्याशिवाय नवा द्यायचा नाही.

शहापूर_कास्टिंग:
ईआरपीच बरं. फक्त मर्यादा बदलायचा हक्क एकाकडंच ठेवा. आमच्यात कोणीही बदलत होतं, त्यावरच ऑडिटमध्ये एनसी (त्रुटीची नोंद) लागली.

उद्यमबाग_क्यूसी:
सगळ्यांचे आभार. सॉफ्टवेअर घेत नाही, एक्सेलही शॉपवर नको. प्रत्येक पॅटर्नला (साचा करायच्या नमुन्याला) एकच छापील कार्ड करतोय, होनगावाल्यांनी सांगितलेल्या तपशिलासह. पॅटर्न स्टोअरमधनं निघाला की कार्ड तपासणीला जाणार, बॅच पास झाली की स्टोअरला परत. दुसरी प्रत काढायचीच नाही. पैसे ब्रिनेलचा मायक्रोस्कोप आणि टेस्ट ब्लॉक यांच्या कॅलिब्रेशनला लावतो.

मच्छे_मशीनशॉप:
कार्ड तेलात भिजतंय बघा. लॅमिनेशन तरी करा.