सरफॅक्टंट दिलं की सुधारतं, पुन्हा खालावतं: एसपी-बी की एसपी-सी?

प्रश्न: पूर्ण दिवसांचं बाळ, जन्मानंतर काही तासांत धाप, एक्स-रेत दोन्ही फुप्फुसं धुरकट. संसर्ग नाही, हृदय ठीक. पोरॅक्टंटचा (प्राण्यांच्या फुप्फुसातून काढलेलं सरफॅक्टंट, म्हणजे वायुकोश मिटू न देणारा पदार्थ) २०० मिग्रॅ प्रति किलो डोस दिला की ऑक्सिजन काही तास कमी लागतो, मग पुन्हा वाढवावा लागतो. कुपीत एसपी-बी (सरफॅक्टंटमधलं एक प्रथिन) असतं, तर परिणाम टिकत का नाही?

प्रतिसाद १: कारण एसपी-बीचं अर्धं काम पेशीच्या आत चालतं. सरफॅक्टंट बनवणाऱ्या टाइप २ पेशीत लिपिडचे थर एकावर एक रचून लॅमेलर बॉडी (सरफॅक्टंट साठवणाऱ्या पिशव्या) बनवायला ते लागतंच. अपुऱ्या दिवसांच्या बाळात बाहेरून दिलेलं सरफॅक्टंट पेशी परत आत घेतात आणि पुन्हा वापरतात, म्हणून एक-दोन डोस पुरतात. एसपी-बीच नसेल तर हे चक्र तुटलेलं असतं. दिलेला साठा संपला की वायुकोश पुन्हा मिटू लागतात. शिवाय एसपी-सी या दुसऱ्या प्रथिनाचं प्रक्रियाकरण अडतं आणि अर्धवट तुकडे वायुकोशात साचतात.

वारंवार डोस देत बसू नका. एसएफटीपीबी (एसपी-बीचं जनुक), एसएफटीपीसी (एसपी-सीचं), एबीसीए३ आणि एनकेएक्स२-१ या चारही जनुकांची तपासणी लगेच पाठवा. एबीसीए३चा दोष जन्मतः हुबेहूब असाच दिसतो, त्यामुळे एकट्या एसपी-बीवर थांबू नका.

प्रतिसाद २: एसपी-सीबद्दल एक भर. तिथे बहुतेकदा प्रथिन कमी पडत नाही, ते चुकीचं घडी होतं किंवा चुकीच्या जागी जातं आणि पेशीलाच इजा करतं. म्हणून जनुकाची एकच बिघडलेली प्रत पुरते आणि आजार बऱ्याचदा महिन्यांनी, कधी मोठेपणी, इंटरस्टिशियल (वायुकोशांच्या भिंतींचा) आजार म्हणून उमटतो. एसपी-बीत दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात. आईवडील दोघे वाहक असतील तर पुढच्या प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के. समुपदेशनात हा फरक स्पष्ट सांगायलाच हवा.

प्रश्नकर्ता: सरफॅक्टंटमधली बाकीची प्रथिनं, एसपी-ए, एसपी-डी, कुपीत का नसतात?

प्रतिसाद १: प्राण्यांच्या फुप्फुसातून सरफॅक्टंट सेंद्रिय द्रावकाने काढतात. बी आणि सी लिपिडप्रेमी, ते सोबत येतात. ए आणि डी पाण्यात विरघळणारे, ते मागे राहतात. पृष्ठताण उतरवायला ते फारसे लागत नाहीत. त्यांचं काम जंतूंना चिकटून मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशींच्या हवाली करणं.

प्रतिसाद २: रक्तातली एसपी-डी वाढली म्हणून जनुकीय दोष धरू नका. वायुकोशाची भिंत गळकी झाली की एसपी-डी रक्तात उतरते, न्यूमोनियातही वाढते.