मड खेळायला सुरुवात कशी करायची? मी पहिल्याच चौकात अडकले

धडगावची_मास्तरीण

नमस्कार. मी मूळची शहाद्याची. नोकरी धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर, जिल्हा परिषदेच्या शाळेत. संध्याकाळी पाचनंतर इथे करण्यासारखं काही नसतं. नेटवर्क खोलीच्या एकाच खिडकीत येतं, आणि तेही व्हिडिओ चालेल इतकं नाही. पुण्याचा धाकटा भाऊ दिवाळीत म्हणाला, "ताई, तू मड खेळ. इंटरनेटवर अनेकांनी मिळून खेळायचा खेळ, चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. तुझ्या खिडकीवर आरामात चालेल."

त्याने जुन्या लॅपटॉपवर मडलेट (मड खेळायचं सॉफ्टवेअर) टाकून दिलं, त्यातल्या यादीतून आर्डवुल्फ नावाचा खेळ उघडून दाखवला आणि सुट्टी संपली म्हणून निघून गेला. दोन दिवसांनी मी एकटीने उघडलं. नाव, जात, पेशा विचारला. (जात म्हणजे बुटका, राक्षस, परी वगैरे. आपल्याकडचा फॉर्म नव्हे.) मग मी एका जागी उभी होते. पाच-सहा ओळींत त्या जागेचं वर्णन, खाली बाहेर पडायच्या वाटा. मी देवनागरीत 'पूर्व' लिहिलं. काहीच झालं नाही. तेवढ्यात ओळी भराभर वर सरकायला लागल्या, कुणीतरी माझ्यासमोर वाकलं आणि इंग्रजीत काहीतरी विचारलं. खरं सांगते, घरात कुणी शिरल्यासारखं वाटलं. लॅपटॉपचं झाकणच लावून टाकलं.

आजीच्या सात समुद्रापलीकडच्या, पोपटात जीव असलेल्या राक्षसाच्या गोष्टींवर मी वाढले, त्यामुळे ओढ आहे. इंग्रजी वाचता येतं, पण टाइप करायला वेळ लागतो. तो समोरचा माणूस खरा होता का? पैसे लागतात का? आणि रोज अर्धा तास मिळत असेल तर यात काही हाती लागतं का?

शिरपूरकर_०७

मॅडम, ह्या जमान्यात वाचत कोण बसतं? चांगला फोन घ्या, बंदुकीवाला गेम टाका. अक्षरं तर शाळेत रोजच आहेत तुम्हाला.

रातपाळीचं_पाणी

ताई, शिरपूरकर भाऊंचं मनावर घेऊ नका. त्यांच्या गेमला जे नेटवर्क लागतं ते तुमच्या पाड्यावर नाही अन् माझ्या मळ्यातही नाही.

मी यावल तालुक्यातला. साडेतीन एकर केळी, थोडी पिलबाग, बाकी नवीन लागण. शेतीची लाइट आमच्याकडे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात मोटर चालू करून दर दोन तासांनी ठिबकचा व्हॉल्व्ह बदलायचा. मधले दोन तास शेकोटीशी बसून बिबट्याचा विचार करायचा. चार हिवाळ्यांपूर्वी शालकाने फोनवर टर्मक्स नावाचं ॲप अन् त्यात मड खेळायला टिनटिन टाकून दिलं, तेव्हापासून बिबट्याचा विचार जरा कमी झाला. रात्रभर खेळलो तरी डेटा एखाद-दुसऱ्या फोटोइतकाच जातो.

तुमच्यासमोर वाकला तो माणूस खरा असू शकतो किंवा खेळातलं बाहुलंही. ओळखायचं कसं? 'हू' टाइप करा. त्या घडीला कोण कोण खेळू राहिलं त्यांची यादी येते. यादीत नाव असलं तर माणूस. नसलं तर बहुतेक बाहुलं. माणूस असला तरी घाबरू नका. 'से' लिहून बोललेलं फक्त त्याच खोलीत ऐकू जातं, 'टेल' लिहिलं की एकट्याला जातं, अन् नवख्यांसाठी 'न्यूबी' नावाचा वेगळा चॅनल असतो. तिथं कितीही बावळट प्रश्न विचारा. मी विचारलेत. कुणी त्रास दिला तर 'इग्नोर' आहेच.

देवनागरी बहुतेक ठिकाणी चालत नाही. पण टायपिंगचं भ्या सोडा. चालायला एकच अक्षर लागतं: एन म्हणजे उत्तर, एस दक्षिण, ई पूर्व, डब्ल्यू पश्चिम, यू वर, डी खाली. एल म्हणजे बघ, आय म्हणजे माझ्याजवळ काय आहे. पहिला आठवडा एवढ्यावर निघतो.

आता माझी फजिती सांगतो, म्हणजे तुमची वाचेल. सुरुवातीलाच मला एक तलवार मिळाली. आय टाइप केलं की यादीत दिसायची, मी खुश. आठ रात्री मी उंदरांशी लढलो अन् दर वेळी अर्धमेला होऊन पळालो. नवव्या रात्री कुणीतरी विचारलं, "तलवार पिशवीतच ठेवून बुक्क्यांनी का मारतोस?" तलवार जवळ असणं वेगळं, 'वील्ड' लिहून हातात घेणं वेगळं. कपड्यांचंही तसंच, 'वेअर' लिहिल्याशिवाय चिलखत अंगावर चढत नाही. पाणी प्यायचं ते 'ड्रिंक', पण जादूचा काढा 'क्वाफ' करायचा. हे शब्द बारावीच्या पुस्तकात कुठून येणार? मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले. स्कॅबर्ड म्हणजे म्यान, सूअर म्हणजे गटार, गॉन्टलेट म्हणजे लोखंडी हातमोजा. असे दीडेकशे शब्द झाले, अन् खेळ फिरून फिरून तेच वापरतो.

वहीच्या पुढच्या पानांवर मात्र नकाशा काढा. हे मी कळकळीने सांगू राहिलो. मडलेट स्वतः नकाशा काढून देतं, शालक तोच वापरतो, अन् त्याला चार वर्षांत एक रस्ता पाठ नाही. तुमच्याकडे पोरांच्या गणिताच्या चौकटीच्या वह्या असतीलच. एक चौकट म्हणजे एक खोली. ओळखीची नावं द्या. माझ्या खेळात 'रिकॉल' टाइप केलं की पात्र शहराच्या मधोमध येतं. त्या जागेला मी जळगावचा टॉवर चौक म्हणतो. तिथून पश्चिमेला हत्यारांची गल्ली, ती फुले मार्केट. एक लक्षात ठेवा, पूर्वेला गेलं म्हणजे पश्चिमेने परत येताच येईल असं नाही. काही वाटा एकेरी असतात, जंगलात तर मुद्दाम फसवतात. एका जंगलात मी तीन रात्री गोल फिरलो. शेवटी प्रत्येक खोलीत एकेक वस्तू टाकत गेलो, एकीकडे टोपी, एकीकडे भाकरीचा तुकडा, तेव्हा कुठं वाट उमगली.

मारामारी आधी नको. कुणावर हात टाकण्याआधी 'कन्सिडर' लिहून अंदाज घ्या. समोरचा भारी असला तर जुने डिकू घराण्यातले खेळ विचारतात, क्रॉस अन् फावडं उसनं देऊ का? म्हणजे तुमच्याच कबरीसाठी. 'विम्पी' नावाची सोय आहे, जीव ठरवलेल्या आकड्याखाली गेला की पात्र आपोआप पळतं. ती पहिल्या दिवशीच लावा. आपल्या नेटवर्कला तर पाहिजेच. कनेक्शन तुटलं की तुमचं पात्र लगेच गायब होत नाही, तिथंच मुकं उभं राहतं अन् राक्षस त्याला बडवत राहतो. म्हणून खिडकीत एकच काडी दिसत असेल तेव्हा चालायचं, वाचायचं, लढायचं नाही.

पैसे नाही लागत. आर्डवुल्फ १९९६ पासून फुकट चालू आहे. अकेया म्हणून एक आहे, खेळणं फुकट पण आत क्रेडिट विकतात. लिखाण झकास, फक्त पाकिटावर हात ठेवा. अन् पासवर्ड नेहमीचा वापरू नका. साध्या टेलनेटवर, म्हणजे मडच्या जुन्या बिनकुलपी जोडणीवर, तो उघडाच जातो.

घराणी म्हणालो, तर तेवढं सांगून टाकतो. पहिला मड १९७८ साली इंग्लंडातल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने लिहायला घेतला, पुढे रिचर्ड बार्टल याने हाती घेतला. विद्यापीठाचा कंप्युटर दिवसा कामात, म्हणून बाहेरच्या लोकांना रात्री उशिरा खेळू द्यायचे. हे वाचलं तेव्हा मला लई बरं वाटलं, म्हटलं हे तर आपल्यासारखेच रात्रीच्या लाइटवाले! मग १९८९ मध्ये स्वीडनमधून एलपीमड आला, अमेरिकेत टायनीमड झाला, त्यात लढाईपेक्षा गप्पा अन् बांधकाम जास्त. कोपनहेगनच्या पाच विद्यार्थ्यांनी डिकूमड लिहिला, तो १९९१ मध्ये बाहेर पडला. तुमचा आर्डवुल्फ अन् माझा खेळ दोन्ही त्याच वंशातले. शिरपूरकर भाऊ, चित्रांवाल्या मोठ्या ऑनलाइन खेळांतही लेव्हल, लूट, टोळी करून राक्षस मारणं, हे सगळं याच घराण्यातून गेलंय. नातवाने आजोबाला हसू नये.

एकदा पहाटे तीनला चॅनलवर एका फिनलंडवाल्याने विचारलं, "तू ह्या वेळी जागा कसा?" मी म्हटलं, केळीला पाणी देतोय. त्याला वाटलं मी पात्राच्या भाषेत गंमत करतोय. मग व्हॉल्व्ह, मोटर, बिबट्या सगळं मोडक्या इंग्रजीत सांगितलं. आता मी आलो की तिथले लोक आधी केळीची खबर विचारतात, मग माझी. मागच्या वादळात बाग आडवी झाली, तेव्हा त्याने मला खेळातली एक ढाल दिली. काय कामाची, पण अजून विकली नाही.

अर्धा तास भरपूर आहे. व्हॉल्व्ह बदलायचा झाला, निघतो.

कानांनी_खेळणारा

भुसावळ. वरच्या भाऊंनी बहुतेक सांगितलं, माझी भर वेगळी.

मला दिसत नाही. मला खेळता येतो असा ऑनलाइन खेळ शोधताना मी इथे पोचलो. चित्रांच्या खेळात मी कायम कुणाच्या तरी शेजारी बसून "आता काय झालं?" विचारणारा. इथे एनव्हीडीए हा फुकट स्क्रीन रीडर जे वाचतो तेच सगळ्यांच्या पडद्यावर असतं. माझ्या टोळीत डोळस लोक आहेत. लढाईत पळायचं कधी ते मी सांगतो, कारण ओळी मी त्यांच्यापेक्षा लवकर ऐकतो. वाचनाचा वेग इतका ठेवलाय की बायको म्हणते, टिटवी ओरडते आहे.

मॅडम, तुम्ही घाबरलात ते ओळींच्या पुराला. माझंही तेच झालं होतं, मी तर तो पूर कानांनी ऐकत होतो. उपाय सोपा आहे. खेळाच्या मदतीत 'चॅनल्स' शोधा आणि न्यूबी सोडून बाकी सगळे बंद करा. लिलाव, गप्पा, जाहिराती, सगळं. पडदा शांत होईल. ओळखीची झाली की एकेक उघडा.

अजून एक. याच बार्टलने १९९६ साली एक लेख लिहिला, त्यात खेळाडूंची पत्त्यांच्या चार रंगांत वाटणी केली आहे. चौकटवाले पैसा आणि लेव्हल जमवणारे. बदामवाले गप्पांना येणारे. किलवर, ज्याला इंग्रजीत दंडुका म्हणतात, ते इतरांना बडवणारे. आणि इस्पिक, ज्याला इंग्रजीत फावडं म्हणतात, ते खणत, धुंडाळत फिरणारे. सात समुद्रापलीकडे काय आहे हे विचारणारी बाई मला इस्पिकाची वाटते. तुम्ही लेव्हलच्या मागे लागू नका, कंटाळाल. मी स्वतः बदाम आहे, आमचे पाणीवाले भाऊ ढाल विकत नाहीत म्हणजे तेही बदामच, कबूल करोत न करोत.

भावाबरोबर खेळणार असाल तर आधी 'हेल्प रूल्स' वाचा. एका माणसाने एकाच वेळी दोन पात्रं चालवायला बऱ्याच खेळांत बंदी असते. सुट्टीत दोघं एकाच इंटरनेटवरून आलात तर चालकांना आधी सांगून ठेवा.

धडगावची_मास्तरीण

तीन आठवडे झाले, कळवायचं राहून गेलं.

सगळे चॅनल बंद केले, वही केली. आधी शिकवणीच्या अकादमीतून बाहेरच पडले नाही, तिथले धडे नीट केले. (मास्तरीण विद्यार्थिनी झाली की धडा सोडत नाही.) मग शहर. त्या मधल्या चौकाला मी शहाद्याचं बसस्टँड म्हणते. आता अठरा पानं भरली आहेत. चौथीतल्या एका पोराने वही पाहिली आणि विचारलं, "बाई, हे कोणतं गाव?" मी सांगितलं की हे गाव कुठेच नाही. त्याने दुसऱ्या दिवशी आपल्या पाड्यापासून नदीपर्यंतचा नकाशा चौकटीत काढून आणला, वाटेतल्या मोहाच्या झाडांसकट. एक वाट एकेरी दाखवली होती. म्हटलं ही का? तर म्हणाला, तिथून उतरता येतं, चढता येत नाही.

भाऊ रविवारी खेळात येतो, दोघं मिळून तिथल्या गटारात उतरतो. तो धावत पुढे जातो, मी वर्णन वाचत मागे. तो दोनदा मेला, मी एकदाही नाही.

एक अडलंय. उंदीर मारून मिळालेल्या कातड्या आणि मेणबत्त्या विकायला हत्यारांच्या दुकानात गेले, तर दुकानदार घेतच नाही. चूक कुठे होते आहे?

रातपाळीचं_पाणी

चूक नाही ताई. बहुतेक दुकानदार आपल्या धंद्याचाच माल घेतात. सराफाकडे केळीचा घड नेला तर तो काय करील? 'लिस्ट' टाइप करून आधी तो काय विकतो ते पहा, तसलाच माल तो घेईल. कातडी चांभाराकडं, मेणबत्ती किरकोळ सामानवाल्याकडं.

अन् त्या पोराला म्हणावं, एकेरी वाट दाखवली ते फार ब्येस केलं.

उद्यापासून आमची दिवसाची लाइट. पुढच्या सोमवारपर्यंत रात्री दिसणार नाही.