जुन्या लडविग स्नेअर ड्रमवर काळा रंग फासलाय, खालचा निळा स्पार्कल (चमकीचं आवरण) वाचवता येईल का?

धिनकधिना
१४×५ इंची लडविग, लाकडी शेल (ड्रमचं गोल अंग), आठ लग (ताणायचे बोल्ट बसतात ते धातूचे ठोकळे), पी-८३ स्ट्रेनर (खालच्या तारा ताणायची खटकी). कीस्टोन बॅजवर (कंपनीच्या नावाची धातूची पट्टी) सीरियल नंबर आहे, म्हणजे १९६३ च्या अखेरीनंतरचा. बाहेरून ब्रशने काळा रंग मारलाय, निदान दोन हात. लग न काढताच रंगवल्यामुळे लगच्या कडेकडेने रंग साचून घट्ट झालाय. एक लग सोडवला तर त्याखाली निळा स्पार्कल अगदी लखलखीत निघाला.

आतूनही पांढरा रंग दिलेला आहे. विचार असा आहे की आतबाहेर दोन्हीकडे पेंट रिमूव्हरचं जेल लावायचं, जिथे हटणार नाही तिथे हीट गनने मऊ करून पत्तीने खरवडायचं. कुठलं जेल घ्यावं? आणि स्पार्कलची चमक परत आणायला शेवटी क्लिअर लॅकर मारावं का?

तासणी
थांबा. जेल नको, हीट गन तर मुळीच नको.

त्या काळातला स्पार्कल म्हणजे रंग नव्हे, शेलवर चिकटवलेला सेल्युलॉइडचा पत्रा आहे, यालाच रॅप म्हणतात. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. खात्री करायची असेल तर लगखालच्या उघड्या जागेवर अंगठा जोरजोरात घासा आणि लगेच वास घ्या, कापराचा वास येईल. हा पत्रा शंभर अंशांच्या आतच मऊ पडतो, फुगतो आणि शेलपासून सुटतो. जास्त तापला तर पेट घेतो, आणि पेटला की विझवायला वेळ मिळत नाही. जेलमधली द्रावणं काळ्या रंगाच्या आधी पत्रा खातील. अ‍ॅसिटोन आणि एनसी थिनर याच जातीचे: एक थेंब पडला तरी तिथे कायमचा खळगा.

आतला पांढरा रंग कंपनीचाच आहे. साठच्या दशकातले लडविग शेल आतून पांढरे असत, १९६८ च्या सुमारास ती पद्धत गेली. त्याला हात लावू नका. आत लाल शाईत तारखेचा शिक्का असू शकतो. तो नुसत्या स्पिरिटच्या फडक्यानेही पुसला जातो, तेव्हा आतली सफाई कोरड्या मऊ ब्रशने करा आणि तिथेच थांबा.

पॉलिशपेपर
तासणी यांच्याशी शंभर टक्के सहमत. आता पुढचं.

आधी वरचा रंग कुठल्या जातीचा आहे ते ठरवा. ही परीक्षा ड्रमवर करायची नाही. लगच्या कडेला साचलेला रंग नखाने उचलून त्याची टिकली काढा, काचेवर ठेवा. पहिल्या टिकलीवर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओला बोळा दोन मिनिटं. ती चिकट, रबरासारखी झाली तर पाण्यात मिसळायचा अ‍ॅक्रिलिक रंग आहे. फरक पडला नाही तर दुसऱ्या टिकलीवर अ‍ॅसिटोनचा थेंब. विरघळून काळं पाणी झालं तर स्प्रे कॅन किंवा लॅकर. सुरकुतली पण विरघळली नाही तर तैलरंग, म्हणजे इनॅमल.

अ‍ॅक्रिलिक असेल तर नशीब समजा. कागदी रुमालाची दोन बोटं रुंद पट्टी अल्कोहोलमध्ये भिजवून, पिळून रंगावर चिकटवा, वर प्लास्टिक झाका. पाच मिनिटांनी उचला, प्लास्टिकच्या पत्तीने रंग सरकवा, लगेच पाण्याच्या फडक्याने पुसा. एका वेळी पंजाएवढाच भाग. रॅप उघडा पडला की त्यावर अल्कोहोल पुन्हा साचू द्यायचं नाही, कारण सेल्युलॉइड त्यानेही हळूहळू मऊ होतं. साधं मेथिलेटेड स्पिरिट टाळा. इथेनॉल आणि कापूर एकत्र आले की नायट्रोसेल्युलोज विरघळायला लागतं, आणि कापूर पत्र्यात आधीच आहे.

इनॅमल असेल तर कुठलंही द्रावण कामाचं नाही. जे पक्क्या इनॅमलला हलवेल ते रॅपलाही हलवेल. मग सगळं एकाच गोष्टीवर: रंगवणाऱ्याने आधी रॅप घासून खरखरीत केला होता का? बहुतेक जण करत नाहीत. तसं असेल तर इनॅमल गुळगुळीत सेल्युलॉइडवर नुसता बसलेला असतो. आधीच उडालेल्या जागेच्या कडेवर चांगली चिकटपट्टी दाबून झटक्यात ओढा. पट्टीवर खपल्या आल्या तर अख्खा ड्रम प्लास्टिकच्या रेझर पत्तीने सुटेल. पत्ती जवळजवळ आडवी धरा, साबणाचं पाणी लावत राहा, पत्तीची धार बोथट झाली की बदला. पोलादी पत्ती अजिबात नको. गोल शेलवर तिचा कोपरा रुततोच.

लॅकर असेल तर वरचं आणि खालचं एकाच द्रावणात जातं, तेव्हा पाण्यात घासणं एवढाच मार्ग. १००० चा वॉटर पेपर, हातात लवचिक रबराचा ठोकळा, साबणाचं पाणी. काळा थर पातळ होऊन निळा डोकावला की १००० बंद, पुढे १५०० आणि २०००. प्रत्येक नंबरला घासायची दिशा बदला, म्हणजे मागच्या नंबरचे ओरखडे उरलेत का ते दिसतं. शेवटी ३००० आणि प्लास्टिक पॉलिश, हाताने. मशीनचा बफ एका जागी दोन सेकंद थांबला तरी रॅप तापतो.

स्पार्कलमध्ये धोका पर्लपेक्षा (मोतिया रॅपपेक्षा) जास्त. चमकीवर पारदर्शक थर असतो, तो पातळ असतो. घासता घासता चमकीचे कण उघडे पडले की तिथे करडा डाग पडतो, आणि तो कुठल्याही पॉलिशने जात नाही. निघणारं पाणी काळं असेपर्यंत ठीक. पाण्यात बारीक चमक दिसली की त्याच क्षणी हात उचला.

काहीही असो, कोरडं घासू नका. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं, आणि सेल्युलॉइडची भुकटी ज्वालाग्राही असते. घासलेलं पाणी फडक्यात गोळा करून फेका. क्लिअर लॅकर विसरा: त्यातलं थिनर रॅप चावतं.

लगनट
मी वेगळं मत मांडतो. इतका खटाटोप करून शेवटी डागाळलेलाच रॅप हाती येणार असेल तर सोलून नवा रॅप चढवावा, त्यात पाप नाही. ड्रम वाजवण्यासाठी असतो. पण आधी खालचं बघून मग ठरवा, एवढं मान्य.

रंगाचा त्रास दिसण्यापुरता नाही, हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. हेडची (ज्यावर वाजवतात त्या पडद्याची) धातूची कडी शेलवरून मोकळी खाली सरकली पाहिजे. रॅपच्या जोडावर पत्रा एकावर एक चढलेला असतो, तिथे आधीच जागा कमी. त्यावर ब्रशचे दोन हात पडले की कडी एका बाजूला अडकते, हेड तिरकं बसतं, आणि मग माणूस तासभर ट्यूनिंग करत बसतो. म्हणून सुरुवात वरच्या आणि खालच्या २ सेंटीमीटर पट्ट्यापासून करा. तेवढं जरी साफ झालं तरी वाद्य सुधारेल.

बेअरिंग एजवर (हेड टेकतं त्या शेलच्या कडेवर) रंग गेला असेल तर नखाने किंवा बांबूच्या काडीने काढा, पॉलिश पेपर लावू नका. मग शेल सपाट काचेवर उपडं ठेवून आत टॉर्च लावा, खोलीत अंधार करा. उजेडाची फट फक्त स्नेअर बेडच्या (तारांसाठी कडेला दिलेल्या उथळ खाचांच्या) दोन जागी दिसायला हवी, आणि तीही खालच्याच कडेला.

लग, स्ट्रेनर, हूप (हेड दाबून धरणारं कडं) शेलवरून उतरवूनच साफ करा. लगमधली स्प्रिंग आणि नट आधी बाहेर, कुठला लग कुठल्या भोकाचा ते चिठ्ठी लावून ठेवा. भांडी घासायचा साबण घातलेल्या गरम पाण्यात रात्रभर बुडवले की क्रोमवरचा रंग बहुतेक वेळा सालासारखा निघतो. कॉस्टिक सोडा नको. लग जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात, सोडा जस्त खातो. हूपवरच्या गंजाला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बोळा आणि पाणी. फॉइल क्रोमपेक्षा मऊ, ओरखडा येत नाही.

बॅज मात्र काढू नका. मधलं ग्रॉमेट (बॅज धरून ठेवणारी धातूची पोकळ कडी) एकदा उघडलं की परत तसं बसत नाही. अक्षरांतला रंग टूथपिकने.

धिनकधिना
सगळ्यांचे आभार. टिकलीची परीक्षा केली: अल्कोहोलने काही नाही, अ‍ॅसिटोनने सुरकुतली. म्हणजे इनॅमल. चिकटपट्टीवर चांगल्या खपल्या आल्या. वरचा दोन बोटांचा पट्टा सुटला, ओरखडे जवळजवळ नाहीत.

एकच शंका. लगखाली रंग स्वच्छ निळा आहे आणि आता उघडा झालेला भाग हिरवट दिसतोय. काळ्या रंगातलं काही झिरपलं का? २००० ने घासून निळा येईल का?

पॉलिशपेपर
झिरपलेलं काही नाही. रंगवण्याआधी ड्रम उजेडात राहिला, वरचा पारदर्शक थर पिवळा पडला. निळ्यावर पिवळं म्हणजे हिरवट. लगखाली उजेड पोचलाच नाही, म्हणून तिथे मूळ निळा टिकला. काळा फासल्यानंतर उलट उजेड अडला, नाहीतर अजून पिवळा झाला असता.

पिवळेपणा वरच्या अंगाला जास्त असतो, तेव्हा ३००० आणि पॉलिशने थोडा उतरेल. २००० घेऊन निळ्यापर्यंत जायला बघाल तर वाटेत चमकी लागेल. लग परत बसले की तो स्वच्छ निळा झाकलाच जाणार आहे आणि तुलना करायला काही उरणार नाही. हिरवट राहू द्या.

तासणी
+१. काम संपल्यावर ड्रम प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून ठेवू नका. जुनं सेल्युलॉइड हळूहळू आम्लाची वाफ सोडतं. ती कोंडली की रॅपला भेगा आणि क्रोमला हिरवा गंज, दोन्ही लवकर येतात. कापडी केस, हवा खेळती, ऊन आणि हीटर दूर.

लगनट
रॅप सोलायचा सल्ला मागे घेतो. जोडाजवळ पत्ती वर चढलेल्या पत्र्यावरून खालच्या पत्र्याकडे चालवा, उलट नको. उचललेली कड एकदा पत्तीत अडकली की पत्रा तिथून चिरतो.