रोज एक ग्लास रेड वाईन घेतली की सिगरेट बाधत नाही म्हणे, खरं आहे का?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी. विषय घरचाच आहे, पण इथे जाणकार बरेच आहेत म्हणून विचारते. नवरा कॉलेजपासून सिगरेट ओढतो, आता पंचेचाळिशीला आलाय. दिवसाला एक पाकीट तर संपतंच, ऑफिसात टेन्शन असलं की दुसरं फुटतं. दरवर्षी गुढीपाडव्याला सोडायचा मुहूर्त निघतो आणि हनुमान जयंतीच्या आत स्वारी परत टपरीवर. त्याची आता सवय झालीये मला.

पण यंदा नवीनच निघालंय. त्याच्या शाळेच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला की जर्मनीतल्या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय, सिगरेटच्या आधी रेड वाईन घेतली तर धुराचा परिणाम होत नाही, आणि अमेरिकेत तर म्हणे रेड वाईन पिणाऱ्या स्मोकर्सना फुफ्फुसाचा कॅन्सर ६० टक्के कमी होतो. झालं, आम्ही पडलो नाशिकचे, इथे वाईनला काय तोटा, गंगापूर धरणाच्या रस्त्याला लागलं की मिळते. आता रोज रात्री जेवणाआधी बाल्कनीत एक मोठा ग्लास आणि त्याच्यासोबत दोन-तीन सिगरेटी, आणि मी तोंड उघडलं की "अगं औषध म्हणून घेतोय". सासूबाईंना द्राक्षाचा रस म्हणून सांगितलंय, त्या विचारतात मला पण दे थोडा :(

तर विचारायचं एवढंच की या फॉरवर्डमध्ये काही दम आहे का? आणि दुसरं, सकाळी उठल्या उठल्या बेसिनपाशी जो खोकला सुरू होतो तो चहा होईपर्यंत थांबत नाही, तो म्हणतो स्मोकर्सना एवढं चालतंच, नॉर्मल आहे. डॉक्टरकडे चल म्हटलं की विषय बदलतो. "मला रिसर्च दाखव, मग बोल" हे त्याचं ठरलेलं वाक्य आहे, त्यामुळे कोणी नीट माहिती दिली तर उपकार होतील.

टवाळ_पोपट

ताई, गुटख्याच्या आधी काय घ्यायचं तेही त्या ग्रुपवर विचारून घ्या, आमच्या ऑफिसात चार जणांना उपयोग होईल.

सासूबाईंचा मुद्दा मात्र रास्त आहे, द्राक्षाचा रस एकट्यानेच काय प्यायचा.

श्टुटगार्टकर

फॉरवर्ड पूर्ण थाप नाहीये, आणि तीच तर पंचाईत आहे. दोन्ही अभ्यास खरे आहेत पण त्यातून जे काढलंय ते त्यात नाही.

आधी जर्मनीवाला. हा झारलांड विद्यापीठाचा, २०१६ च्या अखेरीस आला. माणसं किती? २०. कोण? तरुण, धडधाकट आणि मुख्य म्हणजे सिगरेट न ओढणारी. त्यांना तीन सिगरेटी ओढायला दिल्या, त्यातल्या काहींना तासभर आधी रेड वाईन पाजली, आणि मग रक्त-लघवी तपासून बघितलं की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला किती त्रास झाला, सूज वाढवणारे घटक किती वाढले वगैरे. वाईनवाल्यांमध्ये हा त्रास त्या वेळेपुरता कमी दिसला. बस. फुफ्फुसं त्यांनी मोजलीच नाहीत, कॅन्सर तर लांबच, आणि त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की वयस्कर, आजारी किंवा रोज ओढणाऱ्या माणसाला हे लागू पडेल की नाही ते सांगता येत नाही. म्हणजे तुमचे मिस्टर ज्या गटात बसतात नेमका तोच गट त्यांनी बाहेर ठेवलाय!

आता अमेरिकेचा. तो २००८ चा, कॅलिफोर्नियात कैसर परमनन्टे म्हणून मोठी आरोग्य संस्था आहे त्यांच्या सभासदांचा, ४५ ते ६९ वयाचे ८४ हजारांवर पुरुष. त्यात रोज एक-दोन ग्लास रेड वाईन घेणाऱ्या आजी-माजी स्मोकर्समध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर ६० टक्के कमी दिसला, हा आकडा बरोबर आहे. पण तो प्रयोग नव्हता, लोकांनी फॉर्म भरला, मग काही वर्षं कोणाला काय होतंय ते बघितलं. एकूण कॅन्सर निघाले २१०, आणि त्यातून कोण कुठली दारू पितो, किती पितो, सिगरेट किती असे तुकडे पाडत गेलं की शेवटच्या खणात मूठभर माणसं उरतात. शिवाय बिअर, व्हाईट वाईन, व्हिस्की यात असं काही दिसलं नाही. आता रोज मोजून एकच ग्लास रेड वाईन घेणारा अमेरिकन माणूस खातो काय, चालतो किती, डॉक्टरकडे कधी जातो हे सगळं वेगळंच असतं, हिशोबात कितीही धरलं तरी सगळं धरता येत नाही. आणि त्या संशोधकांनीसुद्धा सांगितलं होतं की वाईन पिणाऱ्या स्मोकरचा धोका न ओढणाऱ्यापेक्षा जास्तच राहतो, खरा उपाय सिगरेट सोडणं. फॉरवर्ड करणारा नेमकं तेच वाक्य गाळतो.

या सगळ्याच्या मागे ते रेसव्हेराट्रॉल आहे, द्राक्षाच्या सालीतलं एक रसायन. १९९१ मध्ये अमेरिकन टीव्हीवर कार्यक्रम झाला की फ्रेंच लोक एवढं लोणी-चीज खाऊन हृदयविकाराने कमी मरतात, कारण रेड वाईन, तेव्हापासून हे खूळ आहे. ग्लॅक्सो कंपनीने २००८ मध्ये ७२ कोटी डॉलर मोजून सर्ट्रिस नावाची कंपनी घेतली याच रेणूच्या नादाने, २०१० मध्ये एका चाचणीत पेशंटच्या किडनीला त्रास झाला म्हणून ती थांबवली, २०१३ ला दुकान बंद. २०१२ मध्ये कनेक्टिकट विद्यापीठाने तर आपल्याच एका नावाजलेल्या रेसव्हेराट्रॉल संशोधकाच्या कामात १४५ ठिकाणी आकडे-चित्रं बनवलेली सापडली असं जाहीर केलं.

बरं, फुफ्फुसाबद्दल काहीच नाही असंही नाही. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात स्मोकर आणि सीओपीडीच्या (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, बहुतेकदा धुराने होणारा) पेशंटच्या फुफ्फुसातून काढलेल्या पेशींवर रेसव्हेराट्रॉल टाकून बघितलं होतं, सूज आणणारे घटक कमी झाले. पण ते काचेच्या बशीत, थेट पेशीवर. पोटातून घेतलं की आतडं आणि लिव्हर ते असं फोडून टाकतात की मूळ रूपात रक्तात एक टक्कासुद्धा धड पोचत नाही. आणि ग्लासात असतं किती? लिटरला एक-दोन मिलिग्रॅम धरा, कधी थोडं जास्त. माणसांवरच्या चाचण्यांत दिवसाला अर्धा-एक ग्रॅम आणि त्याहून जास्त देतात, तेवढं वाईनमधून घ्यायचं तर काहीशे बाटल्या लागतील रोजच्या.

दिंडोरीचा_द्राक्षवाला

वरच्यांनी झकास लिहिलंय. मी वायनरीतच असतो त्यामुळे माझ्या पोटावर पाय आणून सांगतो, औषध म्हणून पिऊ नका राव. चव म्हणून प्या, नसेल आवडत तर नका पिऊ.

सालीतलं वाईनमध्ये कसं उतरतं ते सांगतो. व्हाईट करताना द्राक्षं दाबून रस आधीच वेगळा काढतात. रेडला शिराझ, कॅबरने अशी काळी द्राक्षं, ती सालीसकट टाकीत जातात, आंबायला लागलं की गॅस होतो आणि सगळ्या साली वर येऊन हातभर जाड थर बसतो, वरून वाळायला लागतो, तो दिवसातून दोन-तीनदा दांड्याने खाली दाबायचा नाहीतर खालून रस ओढून वरून सोडायचा. फेब्रुवारीत सीझनला हेच काम, हात जांभळे होतात ते आठवडाभर जात नाहीत. त्या आठ-दहा दिवसांत सालीतला रंग, तुरटपणा आणि हे तुमचं रेसव्हेराट्रॉल उतरतं. वेल ते बुरशीशी लढायला बनवते, आपल्या फुफ्फुसासाठी नाही :)

दोन गोष्टी वहिनी तुमच्या कामाच्या. एक, वाईन टिकायला आम्ही केएमएस टाकतो, म्हणजे सल्फाईट, बाटलीवर लिहिलेलं असतं. सगळ्यांना नाही पण दम्याच्या काही लोकांना त्याने छाती भरते, खोकला सुटतो. सेलरमध्ये ते मिसळताना चुकून नाकात गेलं की आम्ही धट्टेकट्टे पण खोकत बाहेर पळतो. तेव्हा खोकला असलेल्या माणसाने विचार करावा.

दुसरं माप. टेस्टिंगला आम्ही चमचा-दोन चमचे ओततो, आणि रिसर्चमधला ग्लास म्हणजे १५० मिली. घरचा "मोठा ग्लास" म्हणजे आरामात अडीचशे. १३ टक्के अल्कोहोल धरलं तर १५० मिली म्हणजेच व्हिस्कीचे दीड स्मॉल पेग झाले. २०२२ ला सुपरमार्केटात वाईन ठेवायची की नाही यावरून वाईन म्हणजे दारूच नव्हे असं सुद्धा ऐकलं आपण, तो गदारोळ आठवतच असेल, पण लिव्हरला कोण सांगणार ते.

बापू_सातारकर

तुम्ही सगळे शिकलेले आहात पण अनुभव म्हणून काही असतो की नाही. आमचे आजोबा शेवटपर्यंत बिडी ओढत होते, रात्री मोहाची पण थोडी, पंच्याऐंशीला गेले ते पण पडल्याचं निमित्त होऊन. खोकला तर आता न ओढणाऱ्यांना पण आहे, पुण्या-मुंबईची हवा बघा. एक ग्लास घेतो तर घेऊ द्या की बिचाऱ्याला, बायकांनी प्रत्येक गोष्टीत नाक खुपसलं की माणूस बाहेर जाऊन पितो.

फुंकामास्तर

बापू, तुमचे आजोबा दिसले कारण ते जगले. पन्नाशीत गेलेल्या बिडीवाल्यांचे नातू इथे लिहायला येत नाहीत एवढंच. आणि ताईंनी नाक नाही खुपसायचं तर कोणी, तो धूर बाल्कनीतून घरातच येतो ना.

मी छातीच्या डॉक्टरांकडे टेक्निशियन आहे, दिवसभर लोकांना फुंकायला लावतो (म्हणून हे नाव). ताई, फॉरवर्डचं राहू द्या, तुम्ही यांना फक्त स्पायरोमेट्रीला आणा. रिसर्च दाखव म्हणतात ना, मग स्वतःचाच आकडा बघू दे. नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी, छाती गच्च भरून श्वास आणि मग एका दमात सगळा बाहेर, आम्ही शेजारी उभे राहून ओरडत असतो सोडा सोडा सोडा अजून अजून अजून, निम्मे लोक तिथेच खोकायला लागतात आणि परत करावं लागतं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर आली आणि एकूण किती आली हे बघायचं. मग पंपाचं औषध देऊन थोड्या वेळाने परत. तरीही ते गुणोत्तर ०.७० च्या खाली असेल तर डॉक्टर सीओपीडीचा विचार करतात. दुखत नाही, सुई नाही.

ती पहिल्या सेकंदाची हवा प्रत्येकाचीच वयाबरोबर कमी होते, न ओढणाऱ्याची वर्षाला साधारण ३० मिली. ज्या स्मोकरला धूर बाधतो त्याची ६० किंवा त्याहून जास्त. फ्लेचर आणि पेटो या दोघांनी १९७७ मध्ये लंडनच्या नोकरदार पुरुषांवरून हा आलेख मांडला, आमच्याकडे भिंतीवरच आहे. त्यातली महत्त्वाची गोष्ट ही की सोडल्यावर गेलेली हवा परत येत नाही, पण घसरण न ओढणाऱ्याच्या वेगावर येते, मग सोडणारा चाळिशीतला असो की साठीतला. मी खूप जणांचे जुने रिपोर्ट शेजारी ठेवून बघतो, सोडलेल्याचा कळतो. वाईनने बदललेला आलेख काही मी अजून पाहिला नाही.

सकाळचा खोकला म्हणाल तर "नॉर्मल" नाही तो, नेहमीचा आहे, एवढंच. श्वासनळीत बारीक केस असतात, कफ वर ढकलणारे, दिवसभराच्या धुराने ते सुन्न पडतात, रात्री सात-आठ तास धूर नाही की जरा शुद्धीवर येतात आणि साठलेलं ढकलायला लागतात, म्हणून बेसिनपाशी तो कार्यक्रम. आणि रोजची दारू या केसांना आणखी मंद करते, जास्त पिणाऱ्यांना न्यूमोनिया जास्त होतो त्याचं हेही एक कारण आहे. म्हणजे फुफ्फुसाच्या बाजूने वाईन नाहीच, उलट विरोधी पार्टीत आहे.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे तोंड, घसा, अन्ननलिका. दारू आणि तंबाखू दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत पहिल्या गटातली, म्हणजे नक्की कॅन्सर करणारी, पण एकत्र घेतली की धोक्याची नुसती बेरीज होत नाही, त्याहून कितीतरी जास्त होतो. ग्लाससोबत दोन-तीन सिगरेटी हा त्यातला सर्वात नको असलेला प्रकार. कफात रक्त, आवाज बसलेला राहणं, कारण नसताना वजन उतरणं, यातलं काही असेल तर स्पायरोमेट्रीची पण वाट बघू नका, सरळ डॉक्टर.

गोदाकाठची

सर्वांचे मनापासून आभार. बापू, तुमचंही वाचलं, नाक खुपसायचं चालू राहील :)

काल रात्री श्टुटगार्टकरांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. "सिगरेट न ओढणारी माणसं" इथपर्यंत आल्यावर म्हणाला हे फॉरवर्डमध्ये नव्हतं. मग गप्प. मग म्हणाला दिंडोरीवाले म्हणतात ते बरोबर, अडीचशेच असतो माझा. कबूल केलं असं नाही पण फुंकून येतो म्हणालाय, शनिवारची वेळ घेतलीये. वाईन मात्र सोडणार नाही म्हणतो, शनिवार-रविवार घेणार.

त्याच्या मित्राने निकोटिनची च्युइंगगम आणून दिलीये, ती चघळून दोन मिनिटांत थुंकतो, म्हणतो तिखट लागते आणि काही होत नाही. ती कशी खायची असते?

फुंकामास्तर

दोन मिनिटांत थुंकली तर काय होणार. ती बबलगम नाहीये. सावकाश चावायची, तोंडात झिणझिण्या किंवा तिखट लागलं की थांबायचं आणि गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची, चुरचुर गेली की परत थोडी चावायची, परत ठेवायची, अशी अर्धा तास. निकोटिन गालातून आत जातं, गिळलं तर उचकी आणि मळमळ. गम खायच्या आधी १५ मिनिटं आणि ती तोंडात असताना कॉफी, कोल्ड्रिंक, लिंबू सरबत काही नको, आंबट तोंडात निकोटिन शोषलं जात नाही. वाईन पण आंबटच असते, आणि तसंही सोडायच्या पहिल्या काही आठवड्यांत ग्लास हातात आला की सिगरेटची तलफ सगळ्यात जोरात येते, त्यामुळे शनिवार-रविवारचं तेवढे दिवस पुढे ढकलता आलं तर बघा.

उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगरेट लागत असेल तर २ मिलिग्रॅमची कमी पडते, ४ ची लागते, ते शनिवारी डॉक्टरांना विचारा, गोळ्या पण आहेत पण त्या चिठ्ठीशिवाय नाही. पाकिटावर चित्राजवळ १८००-११-२३५६ छापलेला असतो, तो सरकारी फुकट नंबर आहे, तिथे सोडायला मदत करतात, पण फोन त्यांनी स्वतः करायचा, तुम्ही लावून हातात द्यायचा नाही. आणि सोडल्यावर सुरुवातीला खोकला थोडा वाढू शकतो, ते बारीक केस कामाला लागतात म्हणून, तेव्हा "बघ, सोडली तर जास्तच झालं" म्हणतील, त्याची आधीच कल्पना देऊन ठेवा.

शनिवारी सैल शर्ट घालून या म्हणावं, पोट भरून जेवून येऊ नका, आणि निदान तासभर आधी सिगरेट नको.