मदत हवी आहे: टूलचेनच्या नावातला 'एचएफ' काढू का?

कॉर्टेक्स-ए९ (एआरएम प्रोसेसर) बोर्डासाठी क्रॉस टूलचेन (दुसऱ्या मशीनवर त्या बोर्डाचा कोड बनवणारी कंपायलर, लिंकर वगैरे साधनं) बांधलीय. नावाच्या शेवटी 'ग्नूईएबीआयएचएफ', म्हणजे हार्ड फ्लोट (फंक्शनला दिलेल्या दशांश संख्या थेट एफपीयूच्या, म्हणजे दशांश गणित करणाऱ्या भागाच्या, रजिस्टरमधून जातात). पण बाहेरून आलेली एक तयार लायब्ररी जोडताना लिंकर अडून बसतो: आमच्या फाइलची आर्ग्युमेंट्स व्हीएफपी (एआरएमचा एफपीयू) रजिस्टरमधून जातात, लायब्ररीची नाही. रीडएल्फ (फाइलच्या आतली माहिती दाखवणारं टूल) लावून पाहिलं, लायब्ररीत व्हीएफपी आर्ग्युमेंट्स सांगणारा टॅगच नाही. सोर्स मिळणार नाही (मागून झालंय).

सॉफ्टएफपीने सगळं पुन्हा बांधलं तर एफपीयू वापरात राहतो, फक्त आर्ग्युमेंट्स साध्या रजिस्टरमधून जातात, एवढं कळतं. मग नाव 'ग्नूईएबीआय' करून जीसीसीला (कंपायलर) 'विथ-फ्लोट' मध्ये सॉफ्टएफपी दिलं की पुरे? की सी लायब्ररीही नव्याने बांधायची? दोन दिवस यातच गेले. कुणी केलं असेल तर कॉन्फिगरची ओळ टाका ना.