निकाल लागला, पुढे काय? 'अ पीपल्स कॉन्स्टिट्यूशन'च्या निमित्ताने

वाचनवेडी_लातूर: रोहित डे यांचं 'अ पीपल्स कॉन्स्टिट्यूशन' (2018) वाचून संपवलं. राज्यघटना वकील-न्यायाधीशांनी घडवली असं आपण धरून चालतो. दारूबंदीविरुद्ध उभा राहिलेला मुंबईचा पारशी, गोहत्याबंदीने धंदा बसलेले कसाई, देहविक्री करणाऱ्या बाया यांचाही तिच्यात हात आहे, हे डे खटल्यांच्या जुन्या कागदांतून दाखवतात. 1 मे 1958. देहविक्रीविरोधी कायदा लागू झाला त्याच दिवशी 24 वर्षांची हुस्नाबाई अलाहाबाद हायकोर्टात उभी राहते, आपला पेशा उघड सांगते आणि व्यवसायस्वातंत्र्याचं कलम स्वतःसाठी मागते. याचिका फेटाळली गेली, पण सरकारदरबारी खळबळ उडाली. सामाजिक न्यायावर इतकं चांगलं पुस्तक अलीकडे वाचलं नव्हतं.

रा. वि., महाड: पुस्तक चांगलं, निष्कर्ष पटत नाही. कोर्टाची पायरी चढायला पैसा लागतो. यातले बहुतेक अर्जदार धंदा-पेशावाले. शेतमजूर कुठे आहे, सफाई कामगार कुठे आहे? आणि कोर्टात आधी कोण धावतं तेही बघा. आमचं चवदार तळं नगरपालिकेने 1924 मध्येच ठराव करून खुलं केलं होतं. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब तिथलं पाणी प्यायले आणि डिसेंबरात सवर्णांनी दावा लावून मनाई हुकूम आणला. हायकोर्टाचा निकाल मार्च 1937 चा. ओंजळभर पाण्यासाठी जवळजवळ दहा वर्षं!

वाचनवेडी_लातूर: पण हुकूम आल्यावर सत्याग्रह तहकूब करून बाबासाहेब तो दावा शेवटपर्यंत लढलेच ना? अनादी काळापासूनची वहिवाट सवर्णांना सिद्ध करता आली नाही, हे हायकोर्टाच्या निकालात कायमचं लिहिलं गेलं. त्याला कमी का लेखता?

काळा_कोट_नागपूर: निकालानंतरचं दोघंही सोडून देताय. हाताने मैला उचलायला बंदी 1993 च्या कायद्याने केली, 2013 ला दुसरा कायदा आला. 2014 मध्ये सुप्रीम कोर्टाने गटारात मेलेल्यांच्या वारसांना 10 लाख द्यायला सांगितले, 2023 मध्ये ते 30 लाख केले. माणसं अजून उतरतातच. अशा दाव्यात कंत्राटदार सरळ म्हणतो, हा माझा माणूसच नव्हता. हजेरीपटावर नाव नसतं, पगार रोख दिलेला. हुस्नाबाईचं नाव निदान कोर्टाच्या दप्तरात राहिलं. संशोधकांनी आता या वारसांच्या फायली उघडाव्यात.

रा. वि., महाड: हेच म्हणतोय मी. हक्क मिळाला की नाही ते कागदावरून ठरवू नका.

वाचनवेडी_लातूर: कागदच नसेल तर मागायचं कशाच्या जोरावर? वकीलसाहेब, हजेरीपट नसताना दुसरं काय चालतं?

काळा_कोट_नागपूर: पोलिसांचा पंचनामा आणि सोबत उतरलेल्या कामगाराचा जबाब. पण तो जबाब मिळवणंच सगळ्यात अवघड. त्यालाही उद्या त्याच कंत्राटदाराकडे कामाला जायचं असतं.